श्वास घ्यायची पदवी

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीण काकूंनी विचारलं, "कुठल्या लाइनला?"

"नाटक," मी म्हटलं.

"ते असू दे. शिकायला काय?"

"नाटकच. विद्यापीठात. तीन वर्षांची पदवी असते."

काकूंनी आत हाक मारली, "अहो, जरा बाहेर या." काका बाहेर आले. "यांना सांग परत," काकू म्हणाल्या. मी परत सांगितलं. काकांनी चष्मा लावला आणि मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. माझ्या कारकिर्दीतला तो पहिला प्रयोग. प्रेक्षक दोन, आणि दोघांनाही कथानक कळलेलं नव्हतं. डिपॉझिट मात्र दोन महिन्यांचं तीन महिन्यांचं झालं.

यात काकूंचा दोष नाही, दोष शब्दाचा आहे. "नाटकं करू नकोस" हे वाक्य प्रवेश घेण्याआधी अठरा वर्षं मी घरात रोज ऐकत होतो. बाकीच्या विषयांना हा ताप नाही. "उगाच भूगोल करू नकोस" असं कुठली आई म्हणत नाही. "काय रसायनशास्त्र लावलंयस सकाळपासून?" असं कुणी कुणाच्या पाठीत धपाटा घालून विचारत नाही. ज्या गोष्टीसाठी लहानपणी मार खाल्ला त्याच गोष्टीची फी भरायची, हे आमच्या घरात पटवून देणं अवघड होतं.

आमचे आप्पा एस.टी.त वाहतूक नियंत्रक. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या स्टँडवर तीस वर्षं गाड्या लावणं आणि सोडणं हे त्यांचं काम. त्यांचा नाटकाला विरोध नव्हता. उलट नाटकवेडच होतं. विरोध नाटक शिकण्याला होता, आणि त्यामागे अभ्यास होता.

"नाटक करायचंय ना?" आप्पा म्हणाले. "मग डॉक्टर हो. श्रीराम लागू कोण? कान-नाक-घसा. काशिनाथ घाणेकर? दात. मोहन आगाशे? मानसोपचार. जब्बार पटेल? लहान मुलांचे डॉक्टर. मराठी रंगभूमीला जायचा रस्ता मेडिकल कॉलेजातून आहे."

"सतीश आळेकर डॉक्टर नाहीत," मी तयारी करून गेलो होतो.

"नसतील. पण नोकरी कुठे करत होते? पुण्याच्या बी.जे. मेडिकलमध्येच. जीवरसायनशास्त्र."

"आणि तेच पुढे 1996 ते 2009 पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख होते. मेडिकल सोडून नाटकाच्या विभागात आले."

"शिकवायला आले. शिकायला नाही."

मी शेवटचा पत्ता टाकला. "निळू फुले तर डॉक्टर नव्हते?"

"माळी होते. पण कुठले? लष्कराच्या मेडिकल कॉलेजातले."

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. बारावीला मला 54 टक्के होते. एवढ्या टक्क्यांत मेडिकलच्या बागेतही प्रवेश मिळाला नसता. आप्पांनी सही केली. आईने फीची पावती हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात दृष्टीचे 36 प्रकार सांगितलेत हे मला पुढे पहिल्या सेमिस्टरला कळलं. आईची ती सदतिसावी होती.

नाटक शिकायची सोय आपल्याकडे तशी उशिराच झाली. सांगलीत 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा त्यांना कुणी "कितव्या सेमिस्टरला?" असं विचारलं नाही. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 चं, पुण्याचं ललित कला केंद्र 1987 चं, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी 2003 ची. म्हणजे आधी शंभरएक वर्षं लोकांनी नाटक केलं, मग ते शिकवायला हवं असं कुणाच्या तरी लक्षात आलं. मी कुठे शिकलो ते मात्र सांगणार नाही. आमच्या सरांना वाचनाची सवय आहे.

पहिल्या दिवशी सतरा जण अभिनयाच्या तासाला जमलो. केस वाढवलेले सात, झब्बे घातलेले नऊ, आणि एक मुलगी जी चुकून आली होती असं नंतर कळलं. तिला संख्याशास्त्राला जायचं होतं. सर आले आणि त्यांनी प्रत्येकाच्या हातात झाडू दिला.

"नटाने आधी रंगमंच झाडायला शिकावं," सर म्हणाले. इब्राहिम अल्काझी 1962 पासून पंधरा वर्षं राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते, ते पुण्यात जन्मलेले, आणि विद्यार्थ्यांना शिस्त लागावी म्हणून त्यांनी स्वतः स्वच्छतागृह धुऊन दाखवलं होतं, असं सरांनी सांगितलं. आम्ही भारावून झाडू मारला. अल्काझींकडे झाडू मारून नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी बाहेर पडले. आमच्या वर्गातून कोण बाहेर पडलं ते सांगता येणार नाही, पण विभागाचा सफाई कामगार सेवानिवृत्त झाल्यावर ती जागा भरायची गरज पडली नाही, एवढं नक्की.

जो रंगमंच झाडायचा तो म्हणजे पूर्वीचं उत्तरपत्रिकांचं गोदाम. कोपऱ्यात 1990 च्या दशकातले काही गठ्ठे अजून होते. पावसाळ्यात त्यांना वास यायचा, त्यामुळे आमच्या प्रत्येक नाटकाला नापासाचा एक सूक्ष्म दर्प असे. नाट्यशास्त्रात नाट्यगृहाची मापं दिली आहेत: देवांसाठी 108 हात, राजांसाठी 64, आणि बाकीच्यांसाठी 32. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. आम्ही उत्साहाने आमचा हॉल मोजला. तो 31 भरला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी भरतमुनींनी ज्यांना 'बाकीचे' म्हटलं होतं, त्यांच्यातही आम्ही एका हाताने कमी पडत होतो. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "ज्याने मोजलं त्याचा हात लांब असेल."

पहिलं वर्ष श्वासात गेलं. हे शब्दशः घ्या. सकाळी सात ते नऊ आम्ही जमिनीवर उताणे पडून श्वास घेत असू. पोटाने घ्या, छातीने घेऊ नका, बरगड्या उघडू द्या, सोडताना मोजा. अठरा वर्षं मी जो श्वास घेत होतो तो साफ चुकीचा होता, आणि त्यावर जगलो हे केवळ नशीब, असं मला पहिल्या आठवड्यात कळलं. दुसऱ्या महिन्यात उभं राहायला शिकवलं. तिसऱ्या महिन्यात चालायला. आईचा फोन आला की ती विचारायची, "आज काय शिकवलं?" मी म्हणायचो, "बसायला." ती थोडा वेळ गप्प राहायची. तेराव्या महिन्यात मी पहिलं पाऊल टाकलं होतं, असं तिने नातेवाइकांना अभिमानाने सांगितलेलं होतं. आता तेच परत अठरा हजार रुपये भरून चाललं होतं.

मग आवाज. आवाज गळ्यातून काढायचा नाही, बेंबीपासून काढायचा, आणि शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा. आम्ही सोळा जण गोदामाच्या एका भिंतीपाशी उभे राहून समोरच्या भिंतीवर 'आ' फेकत असू. शेजारी अर्थशास्त्र विभाग होता. त्यांनी तीन वेळा लेखी तक्रार केली. चौथ्या वेळी त्यांचे प्रमुख स्वतः येऊन म्हणाले, "निदान दुसरं एखादं अक्षर घ्या."

दिवाळीत घरी गेलो तेव्हा ही बेंबीची विद्या आप्पांना सांगायला म्हणून स्टँडवर गेलो. संध्याकाळची वेळ, भारनियमन, माइक बंद. आप्पा केबिनच्या दारात उभे राहिले आणि नुसत्या तोंडाने म्हणाले, "सांगोला मार्गे मिरजेला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवरून सुटत आहे." स्टँडच्या पार टोकाला, रस्त्याच्या पलीकडे रसवंतीगृह आहे. तिथला एक माणूस उसाच्या रसाचा ग्लास अर्धा टाकून पिशवी सावरत पळत सुटला आणि गाडीत चढला.

मी थक्क झालो. "आप्पा, हा आवाज कुठून काढता?"

"कुठून म्हणजे? तोंडातून."

"नाही, पण एवढ्या लांब जातो कसा?"

आप्पांनी जरा विचार केला. "शेवटची गाडी आहे ती. चुकली तर त्या माणसाला रात्री इथं बाकावर झोपावं लागेल."

मी ते वहीत लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी स्तानिस्लाव्हस्की आला, 'ॲन ॲक्टर प्रिपेअर्स' आलं, आणि नटाने प्रत्येक वाक्यामागचं उद्दिष्ट शोधलं पाहिजे हे आम्ही दोन क्रेडिटला शिकलो. मिरजेची गाडी त्यात नव्हती, बाकी मुद्दा तोच होता.

पण आधी भरतमुनी. नाट्यशास्त्रात नुसत्या डोक्याच्या हालचाली तेरा आहेत. हळू नकारार्थी हलवलं तर धुत, जोरात हलवलं तर विधुत. थंडी, ताप, भीती, मद्य यांसाठी विधुत वापरावं. परीक्षा जवळ आली होती आणि पाठांतराला वेळ नव्हता, म्हणून मी सिटी बसमध्ये सराव सुरू केला. आकंपित, कंपित, धुत इथपर्यंत कुणी लक्ष दिलं नाही. विधुतला शेजारच्या आजी उठून उभ्या राहिल्या. परिवाहित करताना, म्हणजे डोकं दोन्ही बाजूंना आळीपाळीने नेताना, कुणीतरी ओरडलं, "फिट आली! फिट आली!" कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला, खाली वाकला आणि बूट काढू लागला. मी 'अधोगत' हा प्रकार करून पुढच्याच स्टॉपला उतरलो.

याच ग्रंथात पहिल्या नाटकाची हकिकत आहे. भरतमुनींनी आपल्या शंभर मुलांना घेऊन पहिला प्रयोग लावला आणि तो राक्षसांनी उधळला. त्यांनी नटांची वाचा, हालचाल आणि स्मरणशक्ती गोठवून टाकली. नाटकात वाक्य विसरणाऱ्याला याहून भारदस्त सबब जगातल्या कुठल्या शास्त्राने दिली असेल असं वाटत नाही. मग इंद्राने झेंड्याच्या काठीने राक्षसांना बडवून काढलं. ग्रंथाच्या शेवटी त्याच शंभर मुलांना ऋषींची टिंगल केल्याबद्दल शाप मिळतो. पहिल्या धड्यात विघ्न, शेवटच्या धड्यात शाप. मधल्या भागावर प्रश्न येतात.

प्रश्नही खास असतात. 'सात्त्विक भाव आठ आहेत ते स्पष्ट करा, गुण 15.' स्तंभ म्हणजे जागच्या जागी थिजणं, स्वेद म्हणजे घाम, रोमांच, स्वरभेद, वेपथू म्हणजे थरथर, वैवर्ण्य म्हणजे चेहरा उतरणं, अश्रू, आणि प्रलय म्हणजे मूर्च्छा. पेपर हातात पडल्यावर हे आठही भाव आमच्या वर्गात क्रमाने आणि अस्सल प्रकट होत. फक्त नावं आठवत नसत. पर्यवेक्षक मात्र भौतिकशास्त्राचे होते, त्यामुळे त्याचे गुण कुणी दिले नाहीत.

दुसऱ्या वर्षी स्तानिस्लाव्हस्कीची भावनिक स्मृती आली. नटाने स्वतःच्या आयुष्यातला खरा प्रसंग आठवून खरी भावना जागी करायची. सर म्हणाले, "डोळे मिटा. आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख आठवा." एकोणीस वर्षांच्या पोरांकडे दुःखाचा साठा तो कितीसा असणार? त्या आठवड्यात आमच्या वर्गात अकरा आज्या वारल्या. एकाची आजी धडधाकट होती. तो तास संपल्यावर धावत जाऊन तिला फोन करून आला. एका मुलीने दहावीचा निकाल वापरला. परभणीकडचा एक मुलगा मात्र डोळे उघडे ठेवूनच बसला होता. सर म्हणाले, "तू आठवत का नाहीस?" तो म्हणाला, "सर, मला आठवावं लागत नाही. विसरायचा व्यायाम असला तर सांगा." त्या दिवशी सरांनी तास दहा मिनिटं आधी सोडला, आणि चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

पुढच्या सेमिस्टरला दुसरे सर आणि ब्रेख्त. ब्रेख्तचं म्हणणं नेमकं उलटं: नटाने भूमिकेत वाहून जाऊ नये, बाहेर उभं राहून ती दाखवावी, प्रेक्षकाला आपण नाटक बघतोय हे विसरू देऊ नये. म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरला भूमिकेत शिरायला शिकवतात आणि चौथ्या सेमिस्टरला बाहेर यायला. मधे एटीकेटी लागली की माणूस दारातच अडकतो. आमचा एक मित्र असा वर्षभर हॅम्लेटमध्ये राहिला होता. मेसचे पैसे मागितले तरी तो "द्यावेत की न द्यावेत" या चेहऱ्याने बघायचा. मग पोलंडचा ग्रोटोव्हस्की. त्याच्या 'पुअर थिएटर'मध्ये नेपथ्य नको, झगमगाट नको, फक्त नट आणि प्रेक्षक. ग्रोटोव्हस्कीला हे तत्त्व सुचायला बरीच साधना करावी लागली. आमच्या विभागाला ते दर वर्षी मार्चमध्ये वित्त अधिकाऱ्यांच्या पत्रातून कळत असे.

याच वर्षी प्राण्यांचा व्यायाम झाला. प्रत्येकाने एक प्राणी निवडायचा, आठ दिवस त्याचं निरीक्षण करायचं आणि वर्गात तो व्हायचं. वाघ तिघांनी घेतला, घार दोघींनी. मी कावळा घेतला, कारण तो फुकट दिसतो. कावळे एका जागी भरपूर बघायचे तर दशक्रियेचा घाट. सकाळी वही घेऊन पायरीवर बसायचो. मान कशी तिरपी करतो, उडी कशी मारतो, 'काव' म्हणताना आधी शेपटी कशी दाबतो, सगळं टिपून घ्यायचो. गुरुजी रोज बघायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कोण गेलं बाळ तुझं?"

"कुणी नाही गुरुजी. अभ्यास आहे."

त्यांनी जास्त चौकशी केली नाही. घाटावर माणसं काहीही बोलतात.

सातव्या दिवशी एका कुटुंबाचा पिंड काही शिवेना. दोन तास झाले. ऊन चढलं. मंडळी एकेक करून पुढे येऊन कबुल्या देऊ लागली. "अण्णा, आईला आम्ही नीट सांभाळू." कावळा नाही. "अण्णा, बोअरच्या पाण्यावरून भांडणार नाही." नाही. "अण्णा, धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघतो." फांदीवरचा एक जण नुसता मान वळवून बसला. गुरुजी म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करावा लागेल." थोरल्या मुलाचा चेहरा बघवेना. मला काय वाटलं कुणास ठाऊक. मी खांबाच्या आड गेलो, मान तिरपी केली, पोटाने श्वास घेतला, आणि बेंबीपासून, शेवटच्या रांगेपर्यंत, दोनदा काव केलं.

फांदीवरचा कावळा खाली उतरला. त्याच्या मागे आणखी दोन. पिंड शिवला गेला. बायका रडल्या. थोरल्याने हात जोडून सगळ्यांसमोर सांगितलं, "वाटणी सारखी होणार, अण्णांनी ऐकलंय." अण्णांचा त्या घरावर उपकार झाला आणि तो मी केला, असं मला आजही वाटतं. गुरुजींनी जाताना माझ्या हातावर 51 रुपये ठेवले आणि हळूच विचारलं, "रविवारी मोकळा असतोस का?"

व्यावसायिक नट एका प्रयोगाच्या मानधनाला 'नाइट' म्हणतात. ही माझी पहिली नाइट, सकाळी साडेनऊची. वर्गात मी कावळा केला तेव्हा सर म्हणाले, "चांगला आहे, पण भुकेला वाटतोय." मी म्हटलं, "सर, मेस दोन दिवस बंद आहे." ते म्हणाले, "म्हणजे हा कावळा नव्हे, आत्मचरित्र." आणि सहा गुण कापले.

दरम्यान इंजिनिअरिंगची आणि कॉमर्सची पोरं कॉलेजच्या पोर्चमध्ये रात्र रात्र तालमी करून पुरुषोत्तम करंडकात धमाल उडवत होती. 1963 पासून चालत आलेली ही एकांकिका स्पर्धा, तिथल्या घोषणा, बसायला जागा न मिळालेले प्रेक्षक, ते सगळं आम्ही मागे उभे राहून बघायचो. त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, "तुमची मजा आहे यार, दिवसभर नाटक!" त्याला काय सांगणार? तो थर्मोडायनॅमिक्स बुडवून नाटक करत होता. आम्हाला नाटक करायचं तर काय बुडवायचं हाच प्रश्न होता.

शेवटच्या सेमिस्टरला पदवीप्रयोग. वर्गातल्याच एकाने लिहिलेलं नाटक: वडील वारले आहेत आणि त्यांच्या प्रेतासमोर तीन मुलं घरावरून भांडतात. भूमिकांची यादी लागली. मी वरून खाली वाचली, मग खालून वर. प्रेत: माझं नाव.

"ही मध्यवर्ती भूमिका आहे," सर म्हणाले. "पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत रंगमंचावर फक्त तू आहेस."

तीन वर्षं श्वास घ्यायला शिकलो आणि परीक्षेला श्वास घेताना दिसायचं नाही! चालणं, बसणं, तेरा डोकी, 36 डोळे, सगळं गुंडाळून चाळीस मिनिटं उताणं पडायचं. पण मी अभ्यास केला. पोटाने घेतलेला श्वास चादरीखालून दिसतो, म्हणून पाठीच्या बाजूने घ्यायला शिकलो. डास बसला तर गालाचा स्नायू हलू नये म्हणून खोलीत गुड नाइट बंद ठेवून झोपलो. घरमालकीण काकूंनी एकदा दार उघडं बघून डोकावलं आणि किंचाळल्या. मला ती दाद वाटली.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पोटचं पोर मेलेलं बघायला दोनशे किलोमीटर येऊ होय?" आणि आली. आप्पा रजा टाकून आले. सवयीप्रमाणे ते शेवटच्या रांगेत बसले, कारण तिथून सगळ्या गाड्या दिसतात. बाहेरचे परीक्षक पहिल्या रांगेत.

प्रयोग सुरू झाला. पंधरा मिनिटं छान गेली. मग थोरल्या मुलाने माझ्या तोंडावर चादर ओढली आणि अंधारातून आईचा आवाज आला, "तोंड झाकू नका त्याचं, गुदमरतो तो!" प्रेक्षागृह हललं. थोरल्याचं काम करणारा परभणीचा तो मुलगा क्षणभर थांबला, त्याने चादर परत खाली घेतली आणि म्हणाला, "चुकलं काकू." हशा आणि टाळी, दोन्ही त्याने नेली. मी ओठ चावून मेलेला राहिलो.

विसाव्या मिनिटाला वीज गेली. विद्यापीठाच्या वीजपुरवठ्याला नाटकाची जाण चांगली असावी, बरोबर उत्कर्षबिंदूला गेली. गोदामाला खिडक्या नाहीत. मिट्ट काळोख. खुर्च्या सरकल्या, एक मूल रडायला लागलं, कुणीतरी मोबाइल पडल्याची वर्दी दिली. तिन्ही मुलगे गोठून उभे. वाचा, हालचाल, स्मरणशक्ती तिन्ही बंद. राक्षस आले होते. मी काय करणार? मी मेलेलो.

आणि शेवटच्या रांगेतून, बेंबीचं मला माहीत नाही, पण तोंडातून आवाज आला:

"प्रेक्षकांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. वीज गेलेली आहे. कोणीही जागा सोडू नये. लहान मुलांना जवळ घ्यावे, आपापल्या सामानाची काळजी घ्यावी. प्रयोग थोड्याच वेळात आहे त्याच ठिकाणाहून सुटेल."

सगळे बसले. मूलसुद्धा गप्प झालं. चार मिनिटांनी दिवे आले तेव्हा एकही खुर्ची रिकामी नव्हती, आणि प्रयोग आहे त्याच ठिकाणाहून सुटला.

नंतर परीक्षक सरांना म्हणाले, "तो अंधारातला निवेदक! प्रेक्षकाला नाटकातून खेचून बाहेर काढणं, आणि तेही एस.टी.च्या भाषेत! मृत्यूचा प्रवास, फलाट... शुद्ध ब्रेख्त. कुणाची कल्पना?" आमचे सर अनुभवी. ते म्हणाले, "तालमीतून आलं." प्रयोगाला 85 गुण मिळाले. मला 62. शेरा होता: 'प्रेत विश्वसनीय, मात्र एके ठिकाणी हसले.'

रात्री आई-आप्पांना सोडायला स्टँडवर गेलो. आई बिस्किटं घ्यायला गेली. आप्पा आणि मी बाकाशी उभे. मी 85 ची हकिकत सांगितली. ते हसले नाहीत. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"तुला एक सांगू का?" ते म्हणाले. "काम चांगलं केलंस. हललास नाही. पण मेलेला माणूस एवढं लक्ष देऊन पडलेला नसतो."

मी बघत राहिलो.

"तीस वर्षांत स्टँडवर चारपाच बघितलेत. कुणी उन्हाने, कुणी हार्टने. ते कसे, सगळं सोडून पडलेले असतात. पिशवीसुद्धा. तू नीट पडला होतास. ऐकत होतास सगळ्यांचं."

तीन वर्षांत मला एवढी नेमकी सूचना कुणी केली नव्हती. गाडीला वेळ होता. बाक रिकामा होता. मी आडवा झालो, डोळे मिटले, हात सोडला, पाय सोडले. भांडणाऱ्या मुलांचं, परीक्षकांचं, 62 चं, सगळं सोडून दिलं. खिशातलं पाकीटसुद्धा.

"आता बरं," आप्पांचा आवाज आला. "आता जमलं."

तेवढ्यात कुणाची तरी पावलं धावत आली, आणि नाकाशी बुटाचा वास आला.